भोंग्याला न पेललेलं गाणं

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. मी भोंगा असलो तरी आज ओरडणार नाही. ओरडण्याचीच तर लाज वाटून राहिली आहे, म्हणून तुमच्याशी बोलायला बसलो. बसलो कसला, लटकलोय.

माझं वय झालं आहे. अंगावरचा करडा रंग उडाला आहे, कडेला एक पोचा आहे, आणि ग्रामपंचायतीच्या गच्चीवरच्या लोखंडी खांबाला मला गंजक्या तारेनं आवळून टाकलं आहे. वाशीम जिल्ह्यात किन्हीराजापासून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. गावाचं नाव सांगत नाही. गाव चांगलं आहे, माझ्यापायी कोणी त्याला नावं ठेवायला नकोत.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझ्या पोटात काही राहत नाही. माझी घडणच तशी आहे, मागून बारीक आणि पुढून मोठा. मागून कोणी काही बोललं की ते पुढून गावभर. जन्मभर मला याचाच केवढा अभिमान होता! तुम्हाला वाटत असेल, भोंग्याला तोंड असतं, कान कुठले? अहो, खाली कट्ट्यावर कोणी बोललं की माझा पत्रा थरथरतो. मला सगळं ऐकू येतं. फक्त ऐकलेलं सांभाळता येत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर दाबून गरगर फिरवला, की माझ्यासारखं तोंड तयार होतं. मागं आवाज काढणारं युनिट बसवलं, आणि मी चालतो की नाही हे बघायला एका कामगारानं 'हॅलो' म्हटलं. तो माझा पहिला शब्द. मी तो इतक्या जोरानं म्हटला की शेजारच्या बाकावरचा माणूस दचकला आणि सगळे हसले. मला वाटलं, वा, आपलं काम हेच!

मंगरूळपीरला हरीओम नावाच्या माणसाचं मंडपाचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. त्यानं मला आणलं. मग काय विचारता! दर्ग्याच्या उरुसात कव्वाली, लग्नांत मंगलाष्टकं, जयंतीला भीमगीतं, कबड्डीच्या सामन्यात धावतं वर्णन. जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं तर मी किती पुकारली असतील. लाल फ्रॉक घातलेली मुलगी स्टेजजवळ आहे, तिच्या आईनं येऊन घेऊन जावं, हे मी म्हटलं आणि आई पदर सावरत धावत आली, असं कितीदा तरी झालं. तेव्हा हरीओम माझ्याकडं बघून म्हणायचा की याच्यासारखा आवाज अख्ख्या तालुक्यात नाही. मी फुगायचो.

एका चौदा एप्रिलला त्यानं मला या गावात आणलं. विहारासमोर मंडप होता. धम्मरत्न नावाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा स्टुलावर चढला आणि गायला लागला. मित्रांनो, त्या गळ्याचं काय सांगू! आवाज कोवळा होता, पण कुठं फाटत नव्हता. मी तो उचलला आणि नाल्यापलीकडच्या वावरांपर्यंत नेऊन पोचवला. वावर म्हणजे आमच्याकडं शेत. तिथली माणसं हातातलं काम टाकून मंडपात आली. पोराची आई भागिरथा भिंतीला टेकून बसली होती. लाजरी बाई, तिनं शेवटपर्यंत मान वर केली नाही. लोक म्हणाले, पोरगं नाव काढील. मी मनात म्हटलं, नाव तो काढील हो, पण ते लांब नेलं कोणी?

त्यानं खरंच नाव काढलं. भीमगीत म्हटलं की धम्मरत्न, असं झालं. एप्रिल महिन्यात एका दिवसात तीन-तीन गावांत कार्यक्रम. आज नागपूर, उद्या नांदेड, परवा मुंबई. त्याच्या गाण्यावर पोरं नाचायची आणि म्हातारी माणसं डोळे पुसायची. त्याच्या स्टेजवर आता माझ्यासारखे भोंगे नव्हते, घराएवढी काळी खोकी आली होती. मला त्याचा राग नव्हता. खोटं कशाला बोलू, थोडा होता.

त्या खोक्यांनी माझाही धंदा बसवला. हरीओमच्या गोदामात मी कितीतरी वर्षं पडून राहिलो. कुंभारमाशीनं माझ्या तोंडात मातीचं घर केलं. हरीओम थकला, त्यानं दुकान आवरलं, तेव्हा या गावच्या ग्रामपंचायतीनं मला मागून आणलं. पंचायतीचा शिपाई उकंडराव. त्यानं निंबाच्या काडीनं ती माती कोरून काढली, फडक्यानं मला पुसलं आणि गच्चीवर चढवलं. उद्या नळ येणार नाही, पोलिओचा डोस आहे, कोणाची तरी शेळी सुटली आहे, असल्या सूचना मी देऊ लागलो. काम छोटं होतं, पण काम होतं.

उकंडराव मनानं फार चांगला माणूस. माईक हातात आला की त्याची छाती दोन बोटं वर यायची. प्रत्येक सूचना तीनदा द्यायची हा त्याचा नियम. त्याला गुडघेदुखी आहे, त्यामुळे चार घरं फिरून सांगण्यापेक्षा माईक त्याला बरा वाटायचा. हे लक्षात ठेवा, म्हणजे त्याचा राग येणार नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एके दिवशी धम्मरत्न गावात आला. गाडी नाही, माणसं नाहीत, गळ्यात हार नाही. डोक्याला रुमाल बांधला होता आणि हातात एक पिशवी. तो थेट पंचायतीत सुकेशनीकडं आला. सुकेशनी आमची सरपंच, त्याच्या आईच्या शेजारची सून, त्याला दादा म्हणते. त्या वेळी ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. खिडकी उघडी होती आणि मी बरोबर वर होतो.

त्यानं खिशातून मोबाइल काढला, बंद केला आणि तिच्या टेबलावर ठेवला. म्हणाला, हा तुझ्या कपाटात ठेव, मी जाईपर्यंत मला देऊ नको. त्याची आई भागिरथा दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात वारली होती. तो तिच्याजवळ होता.

"सुकेशनी, मायचे ओठ हालून राह्यले होते," तो म्हणाला. "ते काहीतरी म्हनून राह्यली होती, गान्यासारखं. मले आयकू ये ना. म्या म्हतलं, मोठ्यानं बोल ना माय. तिले मोठ्यानं येतच नव्हतं. म्या कान तिच्या तोंडापाशी न्यायले पाह्यजे होता. म्या काहून म्हतलं मोठ्यानं बोल?"

सुकेशनीनं पदर डोळ्यांना लावला. ती रडत होती.

आई काय म्हणत होती ते त्याला नंतर उमगलं. ते गाणं त्याला लहानपणी अर्धवट कानावर पडलेलं होतं. छप्पन साली या गावच्या बाया दीक्षेला नागपूरला गेल्या होत्या. परत येताना मूर्तिजापूरपर्यंत रेल्वे, आणि तिथून पुढं तीन दिवस पायी. अकरा बाया होत्या. वाटेत एका गावात त्यांच्यावर गोटे आले. कोण पोरं होती, कोणाची होती, ते आता कोणाला आठवत नाही. पण त्यानंतर त्या बायांनी चालता चालता एक गाणं रचलं, प्रत्येकीनं एक कडवं. आणि ते म्हणायचं ते हळू. इतकं हळू, की पुढं चालणारीला मागची ऐकू यावी, पण रस्त्याकडेच्या घराला ऐकू येऊ नये.

शेवटचं अकरावं कडवं धम्मरत्नच्या आजीचं होतं. भागिरथा आपल्या सासूकडून ते शिकली होती, आणि बहुधा तेच तिच्या ओठांवर होतं. आता त्या अकरा जणींतली कोणी उरली नाही. गाणं पुरं येणारं एकच माणूस गावात होतं, नानीबाई. ती धम्मरत्नची आत्या. त्या वेळी ती बारा वर्षांची होती आणि आईचं बोट धरून चालली होती. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली ती कायमची. आता ऐंशीची झाली होती, आणि तिनं ते गाणं कधी कोणासमोर म्हटलं नव्हतं.

धम्मरत्नला ते गाणं हवं होतं. स्टेजवर म्हणायला नको, कॅसेटला नको, कोणाला दाखवायला नको. आपली आई जाताना काय म्हणत होती एवढंच त्या माणसाला ऐकायचं होतं. त्यासाठी त्याला पंधरा-वीस दिवस शांतता पाहिजे होती. वस्तीत ती मिळणार नव्हती, तिथं तो दारात उभा राहिला की माणसं जमायची. म्हणून नाल्यापलीकडच्या त्याच्या वावरात, विहिरीजवळच्या खोलीत राहायचं ठरलं. तूर माणसाएवढी वाढली होती, आत कोण आहे ते रस्त्यावरून दिसत नव्हतं. चार घरांनाच ठाऊक होतं.

रोज सकाळी तो आत्याचा हात धरून तिला वावरात न्यायचा. गच्चीवरून मला दोघं दिसायची, पांढरा सदरा आणि पांढरं लुगडं, तुरीत शिरताना. दुपारी सुकेशनी भाकरी घेऊन जायची आणि परत आली की कट्ट्यावर बसून उकंडरावला सगळं सांगायची. तिचा त्याच्यावर विश्वास होता. मला वाटतं, तो बरोबरच होता.

मोबाइलमध्ये भरून घेऊ का, असं धम्मरत्ननं पहिल्याच दिवशी आत्याला विचारलं होतं. ती नाही म्हणाली. त्या डबीत ठेवलं की मग कोणी तोंडानं म्हणत नाही, असं तिचं म्हणणं. तिनं एक नियम घातला. दिवसाला एक कडवं. आजचं कडवं तिच्यासारखं हळू म्हणता आलं, तरच उद्या पुढचं. मित्रांनो, एवढा मोठा गायक, हजारांच्या सभा गाजवणारा, आणि त्याला हळू म्हणताच येईना! त्याचा आवाज आपोआप वर चढायचा. चाळीस वर्षांची सवय ती.

"तुहा गळा मोठा झाला, बापू," नानीबाई त्याला म्हणाली. "आता लहान कर. तुह्या बाजूच्या मानसालेच आयकू येईन, एवढा."

पहिलं कडवं त्याच्या गळ्यात बसेपर्यंत सूर्य मावळला. सुकेशनीनं ते कडवं ऐकलं होतं, आणि तिनं कट्ट्यावर ते कुजबुजत म्हटलं म्हणून मलाही कळलं.

हळू चाल, माय, गाव निजेल हाये,
आपन जागलो हे कोनाले ठावं हाये.

दुसरं कडवं फडक्यात बांधलेल्या भाकरीचं होतं. तिसरं एकुलतं एक पांढरं लुगडं धुऊन, वाळवून पुन्हा नेसण्याचं. चौथ्यात एक लहान पोर आईला विचारतं, आता आपण कोण झालो? नानीबाई म्हणे त्या कडव्याला हसायची, कारण ते पोर तीच होती. चार दिवसांत चार कडवी झाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी धम्मरत्न आत्याला घरी सोडून वावराकडं परत जाताना कट्ट्यापाशी थांबला. चेहऱ्यावर थकवा होता, पण मी त्या माणसाला इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. तो उकंडरावला म्हणाला की काका, आज मला जमलं.

पाचव्या दिवशी सकाळी दोन पोरं विहिरीवर मोटार बघायला गेली आणि त्यांना धम्मरत्न दिसला. त्यांनी फोटो काढायचा हट्ट धरला. त्यानं हात जोडून त्यांना परत पाठवलं. मग त्यानं सुकेशनीला निरोप दिला की एवढं बघ, कोणी इकडं येऊ देऊ नको. तिला त्याच वेळी तहसीलला जायचं होतं. बस यायची वेळ झाली होती. जाता जाता ती उकंडरावला म्हणाली, त्या पोरांच्या घरी आणि आसपासच्या चार घरी जाऊन सांगा, कोणी वावराकडं फिरकू नका म्हणावं.

उकंडराव उठला. गुडघ्यावर हात ठेवून दोन पावलं गेला आणि थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग तो परत आत आला आणि माईकच्या मशीनचं बटण दाबलं.

"हॅलो, हॅलो. गावकरी मंडळीले सूचना देन्यात येते का, आपल्या गावचे सुप्रसिद्ध गायक धम्मरत्न हे नाल्यापलीकडं, आपल्या वावरात, विहिरीजवळच्या खोलीत, येकांतात बसेल आहेत. नानीबाईपासून छप्पन सालचं जुनं गानं शिकून राह्यले. तरी कोनीबी तिकडे जाऊ नये. कोनीबी त्याइले तरास देऊ नये. सूचना समाप्त."

त्यानं ती तीनदा दिली.

आता माझं ऐका. ऐन वेळी बंद पडण्यात माझा हातखंडा होता. वरात दारात आणि मी मुका, पाहुणे स्टेजवर आणि मी मुका, असं शेकडो वेळा झालं आहे. त्या सकाळीसुद्धा माझी एक तार सैल होती. मी सहज बंद पडू शकलो असतो. पण खरं सांगू? मला आनंद झाला होता. शेळ्या आणि नळ पुकारून मी कंटाळलो होतो. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडात एक मोठं नाव आलं होतं, आणि ते नाव पहिल्यांदा लांब नेणारा मीच होतो. मी सगळा जीव ओतून ओरडलो. वाराही नेमका रस्त्याकडं होता. फाट्यावर किन्हीराजाकडून आलेली बस उभी होती, तिच्यातल्या लोकांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या.

दुपारपर्यंत तुरीच्या कडेला मोटारसायकली लागल्या. दुसऱ्या दिवशी कामरगावहून एका मंडळाची माणसं जीप भरून आली. कोणी हार आणले, कोणी शाल आणली, एकजण लेकीला घेऊन आला होता, तिला दादांच्या पायांवर घालायला. वाईट माणूस त्यांत एकही नव्हता. त्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. प्रेमानंच त्यांनी चार तास तूर तुडवली.

सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मलाही तिकडं नेलं. उकंडरावनं शिडी लावून मला उतरवलं आणि वावरातल्या बाभळीला बांधलं. तो घाबरलेला होता. आपल्या हातून काय झालं हे त्याला कळलं होतं, पण एवढी माणसं 'भोंगा आणा' म्हणत होती, त्यांना नाही कसं म्हणायचं ते त्याला सुचेना.

धम्मरत्ननं सगळ्यांना हात जोडले. म्हणाला, मंडळी, मी जयंतीला येतो, रात्रभर गातो, पण आज मला सोडा. लोक म्हणाले, दादा, एकच. एक म्हटलं की जातील असं त्याला वाटलं. त्यानं एक म्हटलं, मग दुसरं, मग तिसरं. कोणी गेलं नाही. नानीबाई खोलीच्या दारात बाजेवर बसून होती. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं की आजीचं छप्पन सालचं गाणं होऊन जाऊ द्या. टाळ्या पडल्या. सुकेशनी ओरडून नको नको म्हणत होती, पण टाळ्यांत तिचा आवाज गेला. धम्मरत्न गर्दी सारत आत्याकडं निघाला, तोवर माईक तिच्या तोंडासमोर आला होता.

नानीबाईनं इकडंतिकडं पाहिलं. आपण म्हटल्याशिवाय हे लोक पोराला सोडणार नाहीत, असं तिला वाटलं असावं. तिनं पदर पुढं ओढला आणि पाचवं कडवं सुरू केलं. हळू. माझ्या पत्र्याला ते जेमतेम लागलं.

"मोठ्यानं, आजी!" मागून कोणी ओरडलं. "मोठ्यानं, आयकू ये ना!"

मशीनपाशी उभ्या असलेल्या एका तरुणानं बटण फिरवलं. आणि मी किंचाळलो. तुम्हाला ठाऊक आहे, माईक भोंग्याच्या फार जवळ आला की कशी शिट्टी बसते. कान फाडणारी. बाभळीवरचे बगळे उडाले. गर्दी हसली. नानीबाईनं दोन्ही कानांवर हात घेतले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. ती भीती आजची नव्हती. ती उठली आणि तिनं धम्मरत्नचा हात घट्ट धरला.

"चाल बापू," ती म्हणाली. "आपन निंगू येथून. गाव जागं झालं."

पाचवं कडवं तिथंच तुटलं. एका ओळीचा एक तुकडा म्हणून झाला होता, आणि माझ्या शिट्टीत तोसुद्धा कोणाला कळला नाही.

गर्दी संध्याकाळी गेली. धम्मरत्न आणखी पंधरा दिवस राहिला. तो तिला रोज वावरात नेई. तिचे पाय चेपून देई. गाण्याचा विषय काढला की ती तुरीकडं बघे आणि कोणी ऐकेल म्हणे. पहिली चार कडवीसुद्धा तिनं पुन्हा तोंडातून काढली नाहीत. तो कुजबुजत म्हणायचा, तेव्हा ती त्याच्या तोंडावर हात ठेवायची. विसरली होती की सांगत नव्हती, हे त्यालाही कळलं नाही. सुकेशनीनं उकंडरावला एका शब्दानंही दुखावलं नाही, पण तो स्वतःच बारीक होत गेला. एकदा माईकसमोर बसून त्यानं नुसतंच बटण दाबलं आणि काही न बोलता बंद केलं. शेवटी धम्मरत्नला ठरलेल्या कार्यक्रमांना जावं लागलं. जाताना त्यानं कपाटातला मोबाइल मागितला. तो चालू केला तेव्हा वाजायचा थांबेना.

थंडीच्या दिवसांत तो दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तसाच परतला. संक्रांतीच्या चार दिवस आधी नानीबाई झोपेतच गेली. ती बातमी मीच गावाला दिली. उकंडरावनं त्या दिवशी सूचना एकदाच दिली.

सातव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मला विहाराच्या खांबाला बांधलं होतं. बाहेरगावची पुष्कळ माणसं आली होती, कारण छप्पन सालच्या गाण्याची गोष्ट एव्हाना सगळीकडं झाली होती. वंदना झाली. दोघं-तिघं बोलले. मग धम्मरत्न उठला. त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला की आत्याचं गाणं म्हणतो, अकरा कडव्यांचं आहे.

त्यानं सुरुवात केली. हळू. अगदी तिच्यासारखं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया पुढं झुकल्या. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. मग तो थांबला. पण खाली बसला नाही. माईक तोंडाशी तसाच धरून, डोळे मिटून तो उभा राहिला. उरलेल्या सात कडव्यांना जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ. त्याचे ओठ बंद होते.

लोकांना वाटलं भोंगा गेला. मागून 'आवाज, आवाज' अशी हाकाटी झाली. एकजण उठून मशीनच्या तारा हलवू लागला. दुसऱ्यानं खालून काठीनं मला दोनदा ठोकलं. उकंडराव भिंतीशी बसला होता. तो गुडघा धरून उठला, काठीवाल्यापर्यंत गेला आणि त्यानं ती काठी धरली.

"मारू नको त्याले," तो म्हणाला. "तो चालू हाये."

मी चालू होतो, मित्रांनो. माझी तार घट्ट होती, युनिट ठीक होतं, वीज होती. म्हणायला काही उरलंच नव्हतं. सात कडव्यांचं ते काही नसणं त्या दिवशी मी गावभर पोचवलं, आणि त्यापेक्षा जड काही मी जन्मात उचललं नाही. त्या सातांत शेवटचं एक, ज्याच्यासाठी तो आला होता, ते त्याला कधीच मिळणार नाही.

लोक मला अजून चांगला भोंगा म्हणतात. उकंडराव अजून फडक्यानं पुसतो. पण आता त्याला चार घरी निरोप द्यायचा असला, तर तो काठी टेकत चार घरी जातो. मी वरून बघतो. हळू जातो बिचारा, पण जातो.

तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल. ते कधी तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत असेल, भांडी घासताना, नाहीतर उन्हात बसल्या बसल्या. ते ऐकू आलं नाही तर त्याला आवाज वाढवायला सांगू नका. त्याची बातमी बाहेर नेऊ नका, निदान लगेच तरी नेऊ नका. उठा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. मला खांबाला बांधलेलं आहे, मला जाता येत नाही. तुम्हाला येतं.